भरलेला डॅशबोर्ड पुन्हा का तडकतो: जुन्या गाडीसाठी समस्या निवारण

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डचा तडा भरला, वरून रंग मारला आणि एक उन्हाळा उलटताच तो त्याच जागी पुन्हा उघडला, हे दुखणं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत नेहमीचं आहे. मी हे काम बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे येणारा डॅशबोर्ड बहुतेक वेळा आधी कुणीतरी भरलेलाच असतो. म्हणून तडा भरायचा कसा याच्या आधी तो परत का उघडतो, ते बघू.

लक्षणं

गाडी सकाळच्या उजेडात उभी करा आणि यातलं काय काय दिसतं ते नीट बघा.

- पुढच्या काचेलगतच्या पट्टीत, किंवा एसीच्या जाळीच्या, स्पीकरच्या नाहीतर स्क्रूच्या भोकापासून निघालेली भेग.
- भेगेच्या दोन्ही कडा वर वळलेल्या. आत पिवळा पडलेला फोम, बोट लावलं की पूड हाताला लागते.
- आधी भरलेली लांबी (पुट्टी) मधे घट्ट आहे, पण एका कडेने सुटलीय.
- रंगावर बारीक गोल खड्डे, किंवा नखाने निघणारे पापुद्रे.
- पुढच्या काचेवर आतून धुरकट, तेलकट थर. पुसला तरी आठवड्याभरात परत येतो.
- खड्ड्यातून जाताना डॅशबोर्डमधून कुरकुर.
- पावसाळ्यात आतून कुबट वास, पायाखालचं मॅट ओलं.
- पृष्ठभाग हाताला चिकट लागतो.

यातलं शेवटचं लक्षण वेगळ्या आजाराचं आहे. काही गाड्यांच्या प्लास्टिकवर मऊ स्पर्शाचा एक लेप असतो, तो उष्णतेने आणि दमट हवेने विरघळल्यासारखा होतो. तिथे भरायचं काही नसतं, तो लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू काढावा लागतो. पुढचं सगळं तडकलेल्या डॅशबोर्डबद्दल आहे.

मुळात होतं काय

पॅडच्या डॅशबोर्डला तीन थर असतात. खाली पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेन फोम आणि वर पीव्हीसीचं कातडं. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊ ठेवण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सहज ७० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो. त्या उष्णतेने ते द्रव्य वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत राहतं आणि काचेवर जाऊन बसतं. काचेवरचा तो तेलकट थर बराचसा याचाच.

द्रव्य गेलं की कातडं आकसतं. पण ते चारी बाजूंनी खाली बांधलेलं असतं, आकसायला जागा नसते. मग सगळा ताण कोपऱ्यांवर आणि भोकांवर येतो आणि कातडं तिथून फाटतं. तुम्ही भेग भरलीत तरी बाकीचं कातडं आकसलेलंच राहतं, ते दोन्ही बाजूंनी ओढत असतं. कडक लांबी भरली असेल तर ती स्वतः तुटत नाही, कडेने सुटते. त्यामुळे नुसती चांगली लांबी आणून भागत नाही. ताण कमी झाला पाहिजे, पाया स्वच्छ आणि कोरडा हवा आणि भरण लवचीक हवं. यातलं एकही राहिलं तर वर्षभरात तुम्ही परत पॉलिश पेपर घेऊन बसणार.

पहिली तपासणी: गाडी उभी कुठे राहते

याला पैसे लागत नाहीत आणि हीच सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. किनाऱ्याजवळच्या घरांत गाडीचं तोंड समुद्राकडे करून लावायची सवय असते. दुपारनंतर खाली उतरणारं ऊन पुढच्या काचेतून थेट डॅशबोर्डवर पडतं, तेही दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या वेळेला. गाडी नुसती उलटी लावली तरी फरक पडतो. पत्र्याची शेड असो की झापांचा मांडव, थेट ऊन अडलं की झालं. उघड्यावर लावावीच लागली तर आतून चंदेरी सनशेड लावा आणि काचा बोटभर खाली ठेवा. पाऊस नसेल तेव्हाच, अर्थात. मुंबईकरांच्या गावी ठेवलेल्या गाड्या गणपती ते मे अशा बंद उभ्या असतात, त्यांना सनशेड सर्वात गरजेचं.

प्लास्टिकचं न श्वास घेणारं कव्हर मात्र किनाऱ्यावर नको. त्याखाली दमटपणा कोंडतो आणि पुढे सांगितलेला पाण्याचा त्रास वाढतो.

काचेच्या कोपऱ्यात कोरलेला शिक्काही वाचा. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमधे प्लास्टिकचा थर असलेली, असेल तर मधल्या थरामुळे अतिनील किरणं बहुतेक अडतात, म्हणजे तुमचा शत्रू मुख्यतः उष्णता. जुन्या कित्येक गाड्यांना पुढेही टफन्ड काच असायची, ती तेवढी किरणं अडवत नाही. तशी गाडी सावलीत ठेवणं दुप्पट महत्त्वाचं. ऊन अडवायला काळी फिल्म लावायचा मोह होतो, पण पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे.

दुसरी तपासणी: पॉलिश

चकचकीत दिसावं म्हणून मारलेल्या पॉलिशमध्ये बरेचदा सिलिकॉन असतं. सिलिकॉनवर ना लांबी धरत, ना रंग. वर सांगितलेले गोल खड्डे आणि पापुद्रे त्याचेच. आधीच्या माणसाने काम कितीही नीट केलेलं असो, खाली पॉलिश राहिलं असेल तर ते सुटणारच.

सौम्य शॅम्पूच्या पाण्यात फडकं पिळून दोनतीनदा पुसा. जांभ्याची लाल धूळ जाळ्यांत आणि कातड्याच्या नक्षीत घट्ट बसलेली असते, तिथे जुना मऊ टूथब्रश चालवा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ पांढऱ्या कापडावर घेऊन एकाच दिशेने पुसा, कापड सारखं बदलत राहा. मग पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर सिलिकॉन अजून आहे, पसरला तर पाया तयार. थिनर आणि पेट्रोल वापरू नका. थिनर कातड्यातलं उरलंसुरलं प्लास्टिसायझरही ओढून घेतो, काही जातींचं कडक प्लास्टिक तर त्याने विरघळतंच.

तिसरी तपासणी: स्क्रू आणि वर ठेवलेलं ओझं

डॅशबोर्डच्या कडेने हात ठेवून हलकं दाबा. कुठे खालीवर होतो? एखादा स्क्रू सैल असेल किंवा क्लिप तुटली असेल तर प्रत्येक खड्ड्याला तिथे धक्का बसतो. उलट कुणी स्क्रू जास्त आवळला असेल तर प्लास्टिकला उन्हात पसरायला वाव राहत नाही आणि भोकापासूनच तडा जातो. स्क्रूखाली रबरी वॉशर घालून हाताला बेताचा लागेल एवढाच आवळा. खाऱ्या हवेने स्क्रू गंजून बसलेला असेल तर जोर लावू नका. गंज सैल करणारं तेल एक थेंब टाकून रात्रभर राहू द्या. तेल कातड्यावर सांडलं तर परत दुसऱ्या तपासणीपासून सुरुवात.

डबल टेपने चिकटवलेली गणपतीची मूर्ती, मोबाइलचा स्टँड, अत्तराची बाटली हे सगळं काढा. ओढून नाही, हेअर ड्रायरने कोमट करून मजबूत दोऱ्याने खालून कापत काढा. ओढलं तर टेपबरोबर कातडंही वर येतं आणि फोमपासून सुटलेल्या कातड्यालाच पुढे भेग पडते.

चौथी तपासणी: पाणी

किनाऱ्यावरच्या गाड्यांत भरण सुटण्याचं हे मोठं कारण आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. जुन्या गाडीची पुढची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते. ते रबर कडक झालं की पावसाचं पाणी मागच्या बाजूने डॅशबोर्डच्या फोममध्ये उतरतं. वरून सगळं कोरडं दिसतं. दोन भाग मिसळायच्या पॉलियुरेथेन भरणाला ओल लागली की रासायनिक क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, आत बुडबुडे होतात आणि भरण पोकळ राहतं. दुसऱ्या दिवशी ते छान दिसतं. पुढच्या मे महिन्यात खचतं.

तपासायला दोन माणसं आणि मगभर पाणी पुरे. एकाने आत बसून डॅशबोर्डखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरायचा. दुसऱ्याने काचेच्या खालच्या कडेपासून सुरू करून बीडिंगवर हळूहळू पाणी ओतत वर जायचं. कागदावर पहिला डाग पडला तेव्हा पाणी कुठे ओतत होतात ते बघा, गळती त्याच्या आसपासच सापडते.

बॉनेट उघडून काचेच्या पायथ्याची पन्हळही बघा. दापोली, गुहागर, काशिदकडे सुरूच्या बनांत गाड्या लावतात. सुरूच्या त्या बारीक काड्या जाळीतून आत पडतात, पन्हळीत एकमेकींत गुंततात आणि पाण्याची वाट बंद करतात. वरून बघितलं तर नुसती धूळ बसलीय असं वाटतं. बोटाने उचललं की ओल्या गादीसारखा एकसंध थर हातात येतो. तो काढल्यावर पाणी ओतून बघा, चाकामागून खाली गळलं पाहिजे. आंब्याखाली उभ्या गाडीत हेच काम मोहर आणि पानं करतात.

गळती सापडली तर आधी ती बंद करा. मग फोम वाळू द्या. पावसाळ्यात फोम वाळत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे काम हातात घेऊच नका. रंगाचंही तेच. हवेतला दमटपणा ओल्या रंगावर बसला की तो पांढुरका पडतो. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ.

पाचवी तपासणी: डॅशबोर्ड पॅडचा की कडक

अंगठ्याने दाबा. दबून वर आला तर पॅडचा, ठक्क लागला तर साच्यात ओतलेलं कडक प्लास्टिक. मारुती ८००, ओम्नी यांचा कडक. दोन्हींची दुरुस्ती पूर्ण वेगळी आहे आणि एकाची पद्धत दुसऱ्याला लावल्यामुळेही भेगा परत येतात.

कडक प्लास्टिकमध्ये पुन्हा जाती आहेत. भाग काढता आला तर मागच्या बाजूला ठसा शोधा, एबीएस किंवा पीपी असं लिहिलेलं असतं. ठसा नसेल तर न दिसणाऱ्या जागी कापसाने ॲसिटोनचा थेंब लावा. चिकट झालं तर एबीएस, काहीच झालं नाही तर बहुधा पीपी. तुकडा पाण्यात टाकून तरंगतो का बघायची युक्ती इथे फसते, कारण डॅशबोर्डच्या पीपीमध्ये टाल्क (शंखजिऱ्याची पूड) मिसळलेलं असलं तर तेही बुडू शकतं. एबीएसचेच कपटे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट मागच्या बाजूने भरली की सांधा मूळ प्लास्टिकसारखा होतो. पीपीला ती पेस्ट धरतच नाही. त्याला मागून सोल्डरिंग गनने बारीक स्टीलची जाळी वितळवून बसवावी लागते. दोन्हीत जोर मागच्या बाजूला द्यायचा, पुढे फक्त रेघ बुजवायची.

पॅडच्या डॅशबोर्डची दुरुस्ती

वरच्या पाचही तपासण्या झाल्या असतील तरच इथे या.

गाडी आदल्या रात्री सावलीत ठेवा. थंडीत कातडं आकसतं आणि भेग जास्तीत जास्त रुंद होते, भरायची ती तेव्हाच. दुपारी तापलेल्या, मिटलेल्या भेगेत भरलं तर रात्री ती उघडताना भरणाला ओढते. पण भल्या पहाटे दंव असतं, हवा ओली असते. तेव्हा सकाळी ९-१०च्या सुमारास, आतला फोम हेअर ड्रायरने कोमट करून वाळवून मग हात घाला.

भेगेच्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त कातड्यापुरतं गोल भोक पाडा. टोक अणकुचीदार असेल तर ताण तिथेच एकवटतो आणि भेग पुढे पळते, गोल भोकाला तो वाटला जातो. टोक नेमकं कुठे संपतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. टॉर्च आडवी धरून बघा आणि दिसतं त्याच्या किंचित पुढे भोक घ्या.

आता वळलेल्या कडा. सगळ्या कामात मी सर्वात जास्त वेळ इथे घालवतो. कड वर वळलेली राहिली आणि तिच्यावर लांबी थापली, तर ती कड खालून उचलत राहते आणि काही महिन्यांत रंगाखाली रेघ उमटते. ड्रायरने कड मऊ करा आणि बोटाने खाली दाबून ठेवा, थंड होईपर्यंत. बसली तर तिच्याखाली लवचीक चिकटवण पसरून वजन ठेवा. सोडल्यावर परत उठली तर तिचं काही होणार नाही. नवीन ब्लेडने तिरपा काप घेत दोन्ही बाजूंनी व्हीच्या आकारात छाटा, कड आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली जाईपर्यंत. चांगलं कातडं कापायला जीव होत नाही हे खरं, पण आखडलेलं कातडं ठेवण्यात काही हशील नाही.

पूड झालेला फोम खरवडून काढा, घट्ट फोम लागेपर्यंत. खड्डा खोल असेल तर त्यात फोमचाच तुकडा चिकटवा. वरून बंपरसाठी मिळणारी लवचीक लांबी पातळ थरांत भरा, प्रत्येक थर पुरता सुकल्यावर दुसरा. पत्र्यावरची नेहमीची लांबी, कडक इपॉक्सी पुट्टी, झटपट गोंद यांतलं काही चालत नाही. ते सगळं कडक होतं आणि कडेने सुटतं. सिलिकॉनची ट्यूब लवचीक असते, पण तिच्यावर रंग बसत नाही. एकदा ती आत गेली की पुढचा माणूसही अडचणीत येतो.

घासताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १८०, २४०, ३२०. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं तर चर पडतात. लांबीची कड दोनतीन सेंटिमीटरपर्यंत शून्य होत गेली पाहिजे. झालं की डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो.

नक्षीसाठी टेक्श्चर स्प्रे मिळतो, आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. भरलेल्या तेवढ्याच जागी मारला तर ठिगळ दिसतं, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मारा. रंग व्हायनलसाठीचा (म्हणजे पीव्हीसीच्या कातड्यासाठीचा) लवचीकच हवा आणि मॅट हवा. चकाकणाऱ्या रंगाचं प्रतिबिंब काचेत पडतं. घाटात समोरून ऊन येत असेल तेव्हा ते धोक्याचं आहे. स्प्रे मारताना सेंद्रिय वाफा अडवणारं काडतूस असलेला मास्क लावा, तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. सगळ्या काचा आणि जाळ्या झाका. काच साफ ठेवणाऱ्या हवेच्या फटी बुजल्या तर पावसात समोरचं दिसणार नाही.

कुठे थांबायचं

एअरबॅग असलेल्या डॅशबोर्डला हात लावू नका. प्रवाशासमोर एसआरएस किंवा एअरबॅग असा ठसा शोधा. काही गाड्यांत झाकणाची फट वरून दिसतही नाही, कातडं आतून ठरावीक रेषेवर कमजोर केलेलं असतं. त्या रेषेवर लांबी, रंग, रेक्झिन किंवा चिकटवलेलं मॅट आलं तर बॅग वेळेवर उघडणार नाही, किंवा कडक लांबीचे तुकडे थेट चेहऱ्यावर येतील. तिथे तडा गेला असेल तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपलाच दाखवा आणि पूर्ण भाग बदला.

भेगा एकदोन असतील तर घरी जमेल. जाळीसारख्या सगळीकडे पसरल्या असतील, किंवा कातडं दाबल्यावर कागदासारखं मोडत असेल, तर भरण्यात वेळ घालवू नका. एक भरेपर्यंत शेजारी दुसरी उघडते. त्यापेक्षा चांगल्या कुशनवाल्याकडून ताणणारं रेक्झिन चढवून घ्या. त्याला दोन गोष्टी आधी विचारा. चिकटवण उष्णता सहन करणारं आहे ना, कारण साधं चिकटवण काचेलगत उन्हात सुटतं. आणि खालच्या भेगा भरून सपाट करणार ना, कारण पातळ रेक्झिनमधून जुनी भेग उठून दिसते.

डॅशबोर्ड पूर्ण खोलायची वेळ आली, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि आतल्या वायरी नीट बघा. खाऱ्या हवेने जोडांवर हिरवट थर आलेला असेल, वायरीचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल, तर तिथेच थांबून ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. डॅशबोर्ड काढण्यासाठी एसीचा कूलिंग कॉइल किंवा स्टिअरिंगचा खांब सोडवावा लागत असेल, तरीही मेकॅनिकच हवा. आणि बीडिंगची गळती काच न काढता थांबत नसेल, तर काच बसवणाऱ्याकडूनच ती काढून घ्या. काच बाहेर असेल त्या दिवशी काचेलगतच्या पट्टीपर्यंत हात सरळ पोचतो, त्यामुळे तिथल्या भेगा भरायचं काम त्याच दिवसाला जोडून ठरवा.